ज्योत कशासारखी

"तांबडं फुटलं बाई, डोंगराच्या पल्याड,
हिरव्या पानांत हासं माझ्या दारीचं झाड…"

आई जात्यावर बसली की हा आवाज पिठासारखा घरभर भुरभुरायचा. जामखेडकडच्या आमच्या कोरड्या रानात हिरवं तसं थोडंच. आईच्या ओवीत मात्र ते उदंड पिकायचं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचो. चोळी हिरवी, कुंकू तांबडं. पोपट हिरवा, गुंज तांबडी. मला वाटायचं, सगळी माणसं रंग असेच ऐकून ओळखतात. गाण्यात तांबडं म्हटलं की ते तांबडं. डोळ्यांचा त्यात काय संबंध?

नऊ वर्षांचा असताना मिरच्या तोडायला गेलो. पिकल्या तेवढ्याच तोडायच्या होत्या. माझी टोपली निम्मी हिरव्या मिरच्यांनी भरलेली निघाली आणि बायका हसू लागल्या. "गहिनी, डोळं घरी ठिवून आलास व्हय रं?" त्या दिवशी कळलं, बाकीच्यांना काहीतरी दिसतं, ते मला दिसत नाही. कळलं ते मी कोणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

सेहेचाळीस साली मॅट्रिक झालो आणि उन्हाळाभर नगरला राहिलो. आमच्या शाळेचे शास्त्राचे शिक्षक दत्तोपंत सर पुण्याच्या कॉलेजातल्या आपल्या मित्राला पत्र लिहिणार होते: मुलगा चांगला आहे, सायन्सला घ्या, वसतिगृहात जागा द्या. पण आधी दोन महिने सराव. त्या एका पत्रावर माझं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं.

सरांची मुलगी प्रेमला सरावाला माझ्या शेजारी बसायची. तिलाही सायन्सचं वेड. सुट्टीतली रिकामी शाळा, बाहेर निंबाच्या सावलीत झोपलेली दुपार, आणि सरांचा संथ आवाज.

"चोवीस ग्रॅम मॅग्नेशियम जाळलं. राख किती?"

"चाळीस ग्रॅम, सर. सोळा ग्रॅम हवेतला ऑक्सिजन."

"हायड्रोजन आणि क्लोरिन अंधारात एका बाटलीत ठेवले. काय होईल?"

"काही नाही. शेजारी शेजारी बसून राहतील."

"आणि उन्हात आणले तर?"

"भडका!" प्रेमला मध्येच म्हणायची.

ही उदाहरणं मला फार आवडायची. उजेडाचा नुसता स्पर्श झाला की वस्तू आपलं जुनं रूप सोडते, हे ऐकताना अंगातून काहीतरी झुळझुळत जायचं. उन्हात ठेवलेला चांदीचा पांढरा क्षार हळूहळू काळवंडायचा. तेवढं मला दिसायचं. मी त्याच्याकडे तासन् तास बघत बसायचो.

भीती होती ती ज्योतीची. सर खिडक्यांना काळी कापडं लावून भर दुपारी खोलीत अंधार करायचे. स्पिरिटचा दिवा पेटायचा. तारेच्या टोकाला क्षाराची पूड घेऊन ती ज्योतीत धरायची आणि रंगावरून क्षार ओळखायचा. स्ट्रॉन्शियमची ज्योत तांबडी, बेरियमची हिरवी. मला दोन्ही वाळल्या कडब्यासारख्या दिसायच्या.

मग मी एक युक्ती काढली. सर बाहेर गेले की प्रेमलाला विचारायचं.

"प्रेमलाताई, ही ज्योत कशासारखी वाटते तुमाला?"

"इश्श, कशासारखी म्हणजे? पोपटाच्या पंखासारखी."

पोपट म्हणजे हिरवी. म्हणजे बेरियम. दुसरी?

"डाळिंबाच्या दाण्यासारखी. गहिनीनाथ महाराज, तुम्ही पुण्याला रसायन शिकायला निघालात की कविता करायला?"

सरांसमोर मात्र विचारता येत नसे. तिथे मी बशांची रांग पाठ केली. कपाटात बाटल्या ज्या क्रमाने, त्याच क्रमाने प्रेमला बशांत पूड काढायची. दुसरी बशी स्ट्रॉन्शियम, तिसरी बेरियम. दोन महिने एकदाही चुकलो नाही.

शेवटच्या दिवशी सर कागद-दौत घेऊनच आले. "आज एवढं झालं की पत्र लिहून टाकू."

कापडं लागली. दिवा पेटला. त्या काळोखात ज्योतीचं इवलं पान हलत होतं, आणि मला वाटलं, आपण पुण्यातच आहोत, कुठल्याशा मोठ्या खोलीत, शेकडो दिव्यांमध्ये. सरांनी दुसऱ्या बशीतली पूड उचलली.

"बोल."

"तांबडी, सर. स्ट्रॉन्शियम."

सरांनी तार तशीच ज्योतीत धरून ठेवली.

"ज्योत तुझ्या नाकासमोर हिरवीगार जळतेय," सर हळू म्हणाले, "आणि तू तांबडी म्हणतोस. म्हणजे तू ज्योतीकडे बघितलंच नाहीस. पाठ केलेलं म्हणालास. प्रेमला, बशांत पूड तू काढतेस. याला आधी तूच सांगत होतीस?"

"नाही, आप्पा! सकाळी कपाट पुसलं, तेव्हा बाटल्या मागंपुढं झाल्या असतील. पण मी काही सांगितलं नाही."

"मग रोज याचं बरोबर कसं आलं? मला फसवलंत दोघांनी. त्याचं पत्र राहू दे तूर्त, बघू. पण तू उद्यापासून या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. पुस्तकंही आण इकडे."

प्रेमलाने वही मिटली. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, नुसती विचारत असल्यासारखं. मग सगळी पुस्तकं छातीशी धरून ती उठली. गप्प राहिलो असतो तर माझं पत्र कदाचित पुढच्या आठवड्यात गेलंही असतं.

"सर," मी म्हणालो. आवाज माझा नव्हताच जणू. "ताईंनी काय सांगितलं न्हाई. त्यांची पुस्तकं नका घेऊ. मी ज्योतीकडंच बघत हुतो, सर. मला तांबडं आन् हिरवं येगळं दिसतच न्हाई. कधीच दिसलं न्हाई."