दोन शाळांचा नकाशा

माझ्यावर दाखवलेले राज्य आज कुठेच नाही, पण मी अजून आहे. मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, हैदराबाद संस्थानाचा.

छत्ता बाजारातल्या एका छापखान्यात मी जन्मलो. माझ्या पाठीला मांजरपाट चिकटवला, वर-खाली सागवानी दांडे बसवले. माझ्यावरची सगळी नावे उर्दूत होती. जामबागेतल्या कनीज बेगमांनी मला विकत घेतले. आपल्या घराच्या दिवाणखान्यात त्या सकाळी मुसलमान मुलींची शाळा चालवत. दुपारी तीच जागा त्यांनी आपल्या मैत्रिणीला, इंदुताईंना, मराठी मुलींच्या शाळेसाठी दिली होती. इंदुताईंचे वडील निजामाच्या अदालतीत वकील होते. त्यामुळे त्यांच्या घरात उर्दू मराठीइतकीच सहज बोलली जाई. एका सुट्टीत इंदुताईंनी दौत-टाक घेऊन माझ्यावरच्या प्रत्येक नावाखाली बारीक देवनागरी अक्षरांत तेच नाव लिहिले. मग सकाळच्या मुली मला उजवीकडून वाचत आणि दुपारच्या डावीकडून. दिवसभर माझ्यावर बोटे फिरत. साऱ्या शहरात माझ्याइतका राबणारा नकाशा नसेल, असा माझा तोरा होता.

पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात. इंदुताईंनी लाल पेन्सिलीने माझ्यावर नव्या सीमा आखल्या. कालपर्यंत मराठी ही राज्यातली एक मोठी भाषा होती. आज शहरातली मराठी माणसे मूठभर ठरली.

त्यानंतर दोन्ही शाळांनी सरकारी मान्यतेसाठी अर्ज केले. मान्यता नसेल तर मुलींना मॅट्रिकला बसता येणार नव्हते. इंदुताईंचा मॅट्रिकचा तो पहिलाच वर्ग. त्यात लीला होती, काचीगुड्याला धान्याचे दुकान चालवणाऱ्या दत्तोबांची मुलगी. त्यांचे घराणे उदगीरकडचे, शेती सोडून शहरात आलेले. एके दिवशी दत्तोबा शाळेत आले.

"ताई, परीक्षाच नसंल तर पोरीला ठेवून काय करू? सोयरीक आलीय. माघात बार उडवून देतो."

लीला माझ्याकडे तोंड करून उभी होती. तिचे भरलेले डोळे फक्त मला दिसले.

थोड्याच दिवसांत शिक्षण खात्याचे तपासनीस आले. ते म्हणाले, "बेगमसाहेबांच्या शाळेची अडचण नाही. धार्मिक अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवायचा हक्क घटनेनेच दिला आहे. पण इंदुताई, तुम्ही तर हिंदू. तुम्ही कसल्या अल्पसंख्य? मुलींना सरकारी शाळेत घाला." जाताना त्यांनी बेगमांना बजावले, की मान्यता हवी असेल तर बिनमान्यतेची ही शाळा या जागेतून हलवावी लागेल.

तपासनीस गेल्यावर इंदुताई म्हणाल्या, "आपा, तुम्ही मान्यता घ्या. मी नारायणगुड्याला जागा शोधते. आमच्यापायी तुमच्या मुलींचे वर्ष बुडायला नको."

बेगम पान लावत होत्या. त्यांनी पानदान खटकन मिटले. "कौन बैठा है वहां तुमकू घर देने? अकेली मान्यता मेरेकू नक्को."

ही गोष्ट सोपी नव्हती, मित्रांनो. बेगमांचे नातलग चिडले. 'दुसऱ्यांच्या मुलींसाठी आपल्या मुली घरी बसवणार का,' असे ते तोंडावर विचारू लागले. "वो भी अपनीच पोट्ट्यां हैं," एवढेच बेगम म्हणत. काही आयांनी आपल्या मुली खरोखरच काढून नेल्या. रिकाम्या बाकांकडे पाहताना बेगमांचा चेहरा उतरे, पण शब्द बदलला नाही. दोघींनी मिळून शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांकडे दाद मागितली.

अखेर साहेब स्वतः शाळेत आले. वरंगळचे, तेलुगू घरातले, केस पिकलेले. तपासनीसही बरोबर होते. दोन्ही शाळांच्या मोठ्या मुली माझ्यासमोर दाटीवाटीने बसल्या.

इंदुताई उभ्या राहिल्या. "साहेब, घटनेच्या तिसाव्या कलमात 'धर्म किंवा भाषा' असे म्हटले आहे. त्यातला एकच शब्द वाचून कसे चालेल?"

"मराठी हवी असेल तर मुंबई राज्य आहे की," तपासनीस मध्येच म्हणाले.

इंदुताईंनी माझ्यावरच्या हैदराबादवर बोट ठेवले. "आमच्या चार पिढ्या इथे गेल्या. सीमा हलली, आम्ही नाही हललो. मुलीने आपल्या भाषेत शिकायचे तर घर सोडायचे का?"

मग पडद्याआडून बेगम बोलल्या. "गुस्ताखी माफ, साहब. निजाम के ज़माने में तेलुगू इस्कूल की इजाज़त के वास्ते आप लोगां कित्ते चक्कर काटे! आज कुर्सी मिली तो भूल गए क्या?"

मला वाटले, आता संपले! साहेब मात्र हळूच म्हणाले, "माझ्या वडिलांची तेलुगू शाळा परवानगीवाचून बंद पडली होती. मी अक्षरे घरी, माडीवर शिकलो." मग त्यांनी पुढे बसलेल्या लीलाला उठवले आणि माझ्यावर काठी टेकवली. "हे कोणते गाव?"

लीलाने आधी उर्दू नाव वाचले, मग देवनागरी. आणि थोडे थांबून तेलुगूत म्हणाली, "ओरुगल्लु." दुकानात तेलुगू गिऱ्हाइकांशी बोलून तिला वरंगळचे, म्हणजे साहेबांच्याच गावाचे, ते जुने नाव ठाऊक होते, हे पाहून साहेब मोकळेपणाने हसले.

"हिला तेलुगू कोण शिकवते?"

"शेजारी," इंदुताई म्हणाल्या. "शाळेतही शिकवू. शेजाऱ्याची भाषा आम्हाला हवीच आहे. फक्त आमची काढून घेऊ नका."

दोन्ही शाळांना एकाच दिवशी मान्यता मिळाली. सोयरीक मोडली म्हणून दत्तोबा थोडे कुरकुरले. पण लीला मॅट्रिक झाली, तेव्हा गिऱ्हाइकांना थांबवून थांबवून त्यांनीच पेढे वाटले. पुढे लीला त्याच दिवाणखान्यात बाई म्हणून शिकवू लागली.

आता मी कपाटात गुंडाळलेला असतो. कसरीने माझ्या कडा खाल्ल्या आहेत. मला अधूनमधून ऊन दाखवा, गुंडाळीत कडुनिंबाचा पाला ठेवा, एवढे मागणे आहेच. पण माझ्याआधी शाळांकडे बघा. तुमच्या गल्लीत वेगळ्या धर्माची किंवा वेगळ्या भाषेची एखादी लहानशी शाळा असेल. तिच्या मान्यतेसाठी कुणीतरी उंबरे झिजवले आहेत, कुणीतरी स्वतःच्या शाळेचे नुकसान सोसले आहे. ती बंद पडू लागली तर 'आपल्याला काय त्याचे' म्हणू नका.

आणि ती शाळा तुमचीच असेल, तर मित्रांनो, उद्या वेळेवर जा.