तिसऱ्या मजल्यावरची खोली

आसपासच्या रहिवाशांची सभा पाळणाघरात भरली, कारण ती जागा फुकट मिळत होती. मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला टेकवून चिमुकल्या खुर्च्यांवर बसली होती, तरी प्रत्येकाचा आव जग चालवत असल्याचा. विषय एकच. समोरच्या मोकळ्या मैदानावर कमी उत्पन्नवाल्यांसाठी इमारत होणार होती आणि ती होऊ द्यायची नव्हती.

मावशी कोपऱ्यात पोरांच्या चादरींच्या घड्या घालत होती. पंचवीस वर्षं हे पाळणाघर तिनं चालवलं होतं. समोरच्यांपैकी निम्म्यांची पोरं तिच्या हाताखाली वाढलेली, आणि सभेचा म्होरक्या, तो तरुण वकील, तर तिच्याकडे आलेला पहिलावहिला. त्याला ती लाडोबा म्हणायची. अजूनही म्हणायची, फक्त चारचौघांत नाही.

मावशीच्या पर्समध्ये एक पत्र होतं. त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तिला सोडतीत खोली लागली होती. पंचवीस वर्षं ज्या भाड्याच्या खोलीत काढली, ती मालकानं विकायला काढली होती. इमारत झाली नाही तर गावी भावाच्या दारात जाऊन राहायचं आणि पाळणाघराला टाळं लावायचं. हे तिनं कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. लोक पोरं पाठवायची बंद करतील, ही धास्ती.

"कोण कुठली माणसं येतील, सांगता येतं का?" वकील रंगात आला होता. "आपली मुलं इथं खेळतात!"

मग सह्यांचा कागद घेऊन तो तिच्यापाशी आला. "मावशी, तुझी सही तर पाहिजेच."

या पोराला नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. तिनं नाव लिहिलं, पुढं सही केली, आणि पत्त्याच्या रकान्यापाशी हात अडला.

"पत्ता राहिला की."

"तिथंच अडलंय रे." आता सुटका नव्हती. "या इमारतीत मला खोली लागलीय. आत्ताची जागा जाणार आहे. कुठला पत्ता लिहू?"

पुढच्या खुर्चीवरचे एक आजोबा खाकरले. "अहो, तुमच्याबद्दल कोण बोलतंय? तुम्ही तर घरच्याच."

"हो ना," मावशी म्हणाली आणि पुन्हा चादरींकडे वळली. तिला राग आला नव्हता. नुसतं रडू येत होतं, आणि ते या लोकांसमोर नको होतं.

एकेकानं काढता पाय घेतला. वकील तेवढा थांबला. तिनं दाराला कुलूप लावलं तेव्हा तो म्हणाला, "मी येतो तुझ्याबरोबर. कुठं राहतेस ते तरी बघू दे."

दोन बस बदलाव्या लागल्या. दुसरीत बसायला जागा मिळाली तेव्हा त्यानं घड्याळ पाहिलं. पावणेदोन तास होऊन गेले होते आणि अजून सहा थांबे बाकी होते. तो बोटांवर काहीतरी मोजत बसला.

"मावशी, आई मला सात वाजता सोडायची ना?"

"पावणेसात. सातला तिची ड्यूटी सुरू व्हायची."

"तू आधीच दारात उभी असायचीस. म्हणजे चारला उठत होतीस?"

"साडेतीनला. पहिली बस भरून जाते."

"आणि एकदाही उशीर नाही?"

"उशीर करून कसं चालेल? दार बंद दिसलं की तू भोकाड पसरायचास."

त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. तसंच खिशातून सह्यांचा कागद काढून स्वतःचं नाव खोडलं. बसच्या धक्क्यानं रेघ वाकडी गेली.

"बाकीच्यांचं माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "पण एकेकाच्या घरी जाऊन सांगेन." मग त्याची नजर कागदाच्या तळाशी, तिच्या सहीवर गेली. "मावशी, सगळं माहीत असून तू सही केलीस कशाला?"

"तू मागितलीस ना, लाडोबा," मावशी म्हणाली.