सर्वानुमते

"मी कुणालाही काढणार नाही," नवे साहेब म्हणाले. "तुम्हीच ठरवा."

रुग्णालयाच्या धुलाईघरात मुकादमबाई धरून सहा बायका ओल्या हातांनी उभ्या होत्या. साहेबांनी भिंतीवर कागद चिकटवला होता. त्यावर चार वर्तुळं, आणि प्रत्येकात एका तऱ्हेचा नेता: हुकूम सोडणारा, स्वप्नं दाखवणारा, नियमावर बोट ठेवणारा आणि सगळ्यांना बरोबर घेऊन जाणारा. साहेब अर्थातच चौथ्या वर्तुळातले. मोठं यंत्र येणार आणि सातातली एक बाई कमी होणार, हे मात्र वरच ठरलं होतं. तेव्हा कुणी कुणाला बरोबर घेतलं नव्हतं.

मुकादमबाईंनी बावीस वर्षांत आधीचे तीनही प्रकार पाहिले होते. पहिला साहेब नुसता ओरडायचा. दुसऱ्याने पाच वर्षांत धुलाईघराचं सोनं करतो म्हणून सांगितलं आणि दोन वर्षांत बदली करून घेतली. तिसरा अर्जाशिवाय साबणाची वडीही देत नसे. पण साहेब कुणीही असो, संसर्गाच्या वॉर्डातल्या चादरी कुणी उचलायच्या आणि रजा कुणाची नाकारायची, हे मुकादमबाई एकट्या ठरवत आणि शिव्याही एकट्याच खात. बायकांनी आपल्या नावाने खुशाल बोटं मोडावीत, पण दुपारी एकमेकींच्या डब्यातलं खावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"साहेब, नाव मी देते," त्या म्हणाल्या. "दोन दिवस द्या. कुणाच्या घरी काय आहे, मला माहीत आहे."

"बाई, हीच ती जुनी पद्धत. एकाने ठरवायचं, बाकीच्यांनी मान डोलवायची. या कोऱ्या चिठ्ठ्या घ्या. कुणावर दबाव नको."

दबाव नको म्हणे! सुरी हातात द्यायची आणि वर सांगायचं, सावकाश कापा.

सातवी, इस्त्रीवाली, त्या दिवशी रजेवर होती. तिचा नवरा पोटाच्या ऑपरेशनसाठी वरच्या मजल्यावर दाखल होता.

"तिला येऊ द्या की," चादरींच्या घड्या घालणारी पुटपुटली. "मग लिहू."

"आजच हवं," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

सगळ्या बाकावर टेकल्या. मुकादमबाईंनी चिठ्ठी गुडघ्यावर धरली. स्वतःचं नाव लिहून मोकळं व्हावं, असं मनात आलं. पण घरी आई अंथरुणाला खिळलेली, कमावणाऱ्या त्या एकट्याच. शेजारी बसलेल्या कुणाचं नाव लिहायला हात धजेना. मग जी समोर नव्हती तिचं नाव त्यांनी लिहिलं आणि चिठ्ठी घाईघाईने मुडपली.

चिठ्ठ्या वाचायचं कामही साहेबांनी त्यांनाच दिलं. पहिलीत इस्त्रीवाली. दुसरीतही तीच. सहाच्या सहा चिठ्ठ्या तिच्याच नावाच्या. सगळ्या जणी खाली फरशीकडे बघत राहिल्या.

"वा! एकमत!" साहेब खूश झाले. "विश्वास टाकला की माणसं किती समंजसपणे निर्णय घेतात, बघा."

मुकादमबाईंना स्वतःची किळस आली. त्यांनी बावीस वर्षांत अनेकींना रडवलं होतं, पण तोंडावर. असा पाठीमागून कुणाचा गळा कापला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकीने आपापला डबा भिंतीकडे तोंड करून संपवला. समोरचे दोन दात पडलेली थोरली धुणारी जवळ येऊन म्हणाली, "मोठ्या बाई, आम्ही लिहिलं म्हणून सांगू नका हो तिला. कुठल्या तोंडाने बोलू आम्ही तिच्याशी?"

वाईटपणा अंगावर घ्यायची मुकादमबाईंना सवयच होती. तिने शिव्या द्याव्यात, आपण ऐकून घ्याव्यात, तेवढंच प्रायश्चित्त, असं ठरवून त्या दोन जिने चढल्या. इस्त्रीवाली नवऱ्याला चमच्याने पाणी पाजत होती.

"नवं यंत्र येतंय," मुकादमबाई म्हणाल्या. "एक जागा जातेय. तुझी."

चमचा हवेतच राहिला. "कुणी ठरवलं?"

"मी."

इस्त्रीवालीने चमचा पेल्यात ठेवला. तिचे डोळे भरून आले. ते तिने मनगटाने पुसले आणि नवऱ्याची हनुवटीही पुसली.

"तुम्ही ठरवलंत ना," ती म्हणाली, "मग दहा वेळा विचार करूनच ठरवलं असेल. मला एकदम भीती वाटली, सगळ्यांनी मिळून काढलं की काय मला."

मग तिने उठून आपलं स्टूल रिकामं केलं. "बसा ना बाई. जिने चढून आलात."

मुकादमबाई त्या स्टुलावर बसल्या.