ताईची सरळ रेघ

ऐक, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. आपला धाकटा आहे ना, बोर्ड रंगवणाऱ्या ताईचा भाऊ, मंगळवारी त्याच्या पायाखालची जमीनच सरकली!

दुकान त्यांच्या मामाचं. तिथे एक जुना नियम. सकाळी आल्या आल्या, चहाच्याही आधी, प्रत्येकाने फळीवर पट्टी न लावता ब्रशने एक रेघ ओढायची. हात जागा करायला. मामाची रेघ दोरीसारखी ताठ. धाकट्याची बरी. आणि ताईची? मुंगी लंगडत गेल्यासारखी. ताईला बायपोलर आहे, हे तर तुला माहितीच आहे, आणि त्याच्या गोळ्यांनी तिचा हात कापतो. एके काळी काचेवर केसाएवढ्या कडा मारणारी बाई, दोन वर्षं नुसती मोठ्या अक्षरांच्या पोटात रंग भरत होती. "आली बघा मुंगी कामावर," असं तीच म्हणायची आणि सगळे हसायचे.

तर मंगळवारी तिने रेघ ओढली. सरळ! म्हणजे पट्टीला लाज वाटेल इतकी सरळ!

मामाने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "अगं, हात बसला की तुझा!"

धाकट्याने शिट्टी मारली, टाळ्या पिटल्या, फळीचा फोटो काढून आईला पाठवला. मामाने त्याच भरात वाचनालयाच्या काचेच्या दाराचं काम धाकट्याकडून काढून तिला दिलं. सोनेरी अक्षरं. ती डबा उचलून पळालीच.

दुपारी धाकट्याने ब्रश ठेवायला कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला ताईनेच रंगवलेलं आहे, दोन वर्षांपूर्वीचं: "मी गोळ्या सोडल्या तर माझं काही ऐकू नका. एक तासही देऊ नका. डॉक्टरांना फोन करा." रोज डोळ्यांसमोर असतं, म्हणून कोण वाचतंय! पण त्या दिवशी त्याला अक्षरं दिसली. सगळी थरथरती.

आणि गडी गारच पडला. अरे, हात कापतो गोळ्यांनी. मग कापत नाही म्हणजे... आणि आपण टाळ्या पिटल्या?

तो धावत वाचनालयात. ताई दारापुढे गुडघ्यांवर, जीभ दातांत धरून.

"ताई, गोळ्या?"

"एकोणीस दिवस झाले," ती म्हणाली. बस किती वाजता आहे ते सांगावं, तशी! मान पण वळवली नाही. "मामाने हे काम तुला दिलं ना, त्या दिवसापासून."

"वेड लागलंय का तुला?"

"ते तर कागदोपत्री आहे, बाळा." आणि हसली, नेहमीसारखीच. "बघ की माझ्याकडे. झोपतेय, जेवतेय. दोनच अक्षरं राहिलीत रे. संध्याकाळी तुझ्यासमोर गोळी घेते."

धाकट्याने मानच हलवली, नाही. कारण मागच्या वेळी गोळ्या सोडल्या तेव्हाही तिने एकच संध्याकाळ मागितली होती. दिली. तिसऱ्या दिवशी ही बया चौथ्या मजल्याच्या बांबूच्या परांचीवर, दोर न बांधता, अनवाणी, गाणी म्हणत! खाली आई मटकन बसलेली.

त्याने फोन काढला.

"नको ना रे," ताई हळूच म्हणाली. "गोळ्या घेतल्या की मी तुमची असते. ही अक्षरं माझी आहेत."

पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हॅलो?" आणि हा दाराकडे बघतोय. असलं सुंदर काम त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

त्याने सांगितलं. सगळं, दिवसांसकट. त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता घेऊन या.

ताई ओरडेल असं त्याला वाटलं. छे! तिने ब्रश डब्यात सोडला, न धुता. बाराव्या वर्षापासून जिने एकदाही ब्रश न धुता सोडला नाही, तिने. आणि गुपचूप त्याच्याबरोबर चालायला लागली. 

आज चार दिवस झाले. गोळ्या सुरू आहेत, झोप आहे, सगळं ठीक. त्या दारावरची शेवटची दोन अक्षरं अजून नुसती खडूने आखलेली आहेत. मामा म्हणतो तू पुरी कर, पण धाकटा त्या दाराला हात लावत नाही. मला विचारतो, मी बरोबर केलं ना?  तू सांग, तू काय केलं असतंस?