बारवेतला पाय

उन्हाळा लागला की पुंजाजीच्या पायाला नारू यायचा. चिवट पाहुणा यावा तसा दरसाल यायचा आणि लवकर हलायचा नाही. घोट्याशी फोड उठायचा, फुटायचा, आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा तोंड काढायचा. झुंबरबाई त्याला काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायची. तुटला तर पाय सुजून नवरा आडवा, हे तिला ठाऊक होतं.

आग सोसेना की पुंजाजी लंगडत बारवेच्या पायऱ्या उतरायचा आणि पाय पाण्यात सोडून बसायचा. गावातल्या सगळ्या नारूवाल्यांची तिथं बैठक भरायची. शेजारीच बाया गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरायच्या.

यंदा लेक सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला धाड गावाहून येणार होती. तिच्या सासरी रहाटाची विहीर, पाण्यात कुणी उतरत नाही, आणि नारू कुणी पाहिलेला नाही. मग आपल्याच गावाला हा काऊन? लेक इथलं पाणी पिणार, म्हणून झुंबरबाईला हा प्रश्न जेवू देईना.

देवी टोचायला सरकारी गफ्फारभाई आले, तेव्हा तिनं त्यांनाच धरलं. त्यांनी परातभर गार पाणी मागितलं. कणकेची परात होती, पण झुंबरबाईनं ती पुढं केली. पुंजाजीनं पाय बुडवला आणि जखमेतून पाण्यात दुधासारखं काही पसरलं.

"हे त्याचे पिल्लं," गफ्फारभाई म्हणाले.

मग त्यांनी बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरलं. आत बारीक ठिपके टुणटुण उड्या मारत होते. हे ठिपके म्हणजे पाण्यातले किडे, तेच नारूची पिल्लं गिळतात, माणूस पाण्याबरोबर ठिपके पितो, आणि सालभरानं पायातून नारू निघतो, असं त्यांनी सांगितलं.

झुंबरबाई पेल्याकडं बघतच राहिली. इतकी वर्षं ही बारव तिनं डोक्यावरून वाहिली होती, आणि आत एवढं बिऱ्हाड आहे हे तिला आज कळत होतं. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"म्हंजे दरसाली तुमीच पेरता, अन् तुमीच कापता."

"मंग आग कुठं इझवू, वं?"

"परातीत."

पुंजाजी फुगून बसला. पाण्यापेक्षा त्याला बैठक सुटल्याचं दुःख जास्त होतं. ते ओळखून झुंबरबाईनं बैठकच आपल्या ओसरीवर बोलावली. अट एकच: ज्यानं त्यानं आपली परात आणायची, आणि पाणी बारवेपासून लांब, तापल्या मातीत ओतायचं. चहा मात्र तिच्या गळ्यात पडला.

सुभद्रा आली तेव्हा घागरीच्या तोंडावर लुगड्याचा दुहेरी पदर बांधलेला होता. वरून ओतलेलं पाणी सावकाश झिरपत होतं.

"आई, मले तहान लागून राह्यली. आज भेटंल का?"

"थांब जराशी. पुढच्या उन्हाळ्यात पाय धरून बसण्यापरीस बरं."

लेक पाणी प्यायली. झुंबरबाईनं पदर सोडला, तो उन्हात धरला आणि त्यावर अडकलेले ठिपके डोळे बारीक करून बघत म्हणाली, "केवढासा जीव, पोरी. अन् तुह्या बापाले दर उन्हाळ्यात घरी बसवते."