सुरंगीच्या सागाची डावखुरी बेस

मी बेस गिटार बोलतेय. चार तारांची, जाड आवाजाची, आणि लपवायचं कशाला, वजनानंही जाडच. मला गळ्यात अडकवलं की दहाव्या मिनिटाला माणूस खांदा चोळायला लागतो. त्यात माझा काय दोष? दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागाची मी. सिल्वासाजवळच्या सुरंगी गावच्या काळू सुतारानं मला घडवलं, आणि हलकं काही करायची त्याला सवयच नव्हती.

साल सत्त्याण्णव. सिल्वासाच्या एका धाग्याच्या कारखान्यात पुण्याचा उदय इंजिनिअर होता आणि चोपड्याचा दत्तात्रय मेंटेनन्सला. दोघांना एकच वेड. काळे कपडे घालायचे, डोळ्यांत काजळ घालायचं आणि स्मशान, धुकं, मेलेलं प्रेम असल्या विषयांवरची गाणी रॉकमध्ये म्हणायची. ह्याला गॉथिक रॉक म्हणतात म्हणे. बँडचं नाव ठेवलं 'सावट'. उदय गायचा, दत्तात्रय ड्रम बडवायचा. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून शुक्रवारी सकाळी धाग्याच्या गोदामात तालीम. चारी बाजूंना धाग्याच्या खोक्यांच्या थप्प्या, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. पहिल्या दिवशी वॉचमन ह्यांचे काळे कपडे बघून विचारायला आला होता, "साहेब, कोण गेलं?"

बँडला बेस हवी होती. उदयनं मासिकातल्या एका फोटोवरून ट्रेसिंग पेपरवर माझं चित्र काढलं, ऑफिसातल्या मशीनवर त्याची मोठी प्रिंट काढली, वर पेनानं मापं लिहिली आणि काळूकडे दिली. दत्तात्रयनं मोटरीला गुंडाळायची तांब्याची तार घेऊन माझ्या पोटातली, तारांचा आवाज उचलणारी कॉइल हातानं गुंडाळली. पंधरा दिवसांनी काळू मला गोणपाटात गुंडाळून गोदामात घेऊन आला. उदयनं मला अँप्लिफायरला जोडून उचललं आणि त्याचा चेहराच पडला. मी उलटी झाले होते.

"काळू, अरे ही डावखुऱ्याची केलीस की तू!"

काळूनं शांतपणे खिशातून प्रिंट काढली आणि माझ्या शेजारी जमिनीवर पसरली. "साहेब, कागदात आहे तसंच केलंय. बघून घ्या."

बरोबर होतं त्याचं. साहेबांनी ट्रेसिंग पेपर मशीनमध्ये पालथा घातला होता. इंजिनिअर म्हणे! दत्तात्रय तर हसून हसून खोक्यावर आडवा झाला.

तेवढ्यात धाग्याचे रिपोर्ट घेऊन लॅबमधली सुजाता आली. नाशिकची मुलगी, बोलायला तिखट. "कशाला एवढं खिदळताय?" म्हणत तिनं मला सहज उचललं, गळ्यात अडकवलं आणि डाव्या हातानं जाड तार छेडली. ती डावखुरी होती. गोदामातला पत्रा थरारला. उदय म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी येशील?" मी तर तेव्हाच ठरवून टाकलं होतं की हीच माझी.

काय दिवस होते ते! मरणाची गाणी इतक्या आनंदात कुणी म्हटली नसतील. तालीम संपली की काजळ पुसायचं आणि तिघांनी भजी खायला जायचं.

वर्षभरानं कॅसेट निघाली. वापीच्या ज्या स्टुडिओत भजनं रेकॉर्ड व्हायची तिथं. सुजातानं पहिली कॅसेट काळूला दिली. आठवड्यानं काळू ती घेऊन कारखान्याच्या गेटवर हजर.

"बेन, अख्ख्या पाड्याला बसवून लावली. मी बनवलेली ह्यात कुठं वाजते? मला तर नाय ऐकू आली."

सुजातानं घरी जाऊन कान देऊन ऐकलं. मी नव्हतेच. म्हणजे होते, पण इतकी मागे की शेजारच्या घरात कुणी पाटा सरकवतंय असं वाटावं. उदयनं रेकॉर्डिंगवाल्याला सांगून मला खाली घेतलं होतं. तिनं जाब विचारला तर म्हणाला, "गाणं मागे पडत होतं. बेस काय, असली नसली सारखीच."

सुजातानं मला केसमध्ये ठेवून चेन ओढली आणि बँड सोडला. दोन महिन्यांत उदय पुण्याला निघून गेला. 'सावट' संपलं.

पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षं मी सुजाताच्या कपाटावर काढली, गोधड्यांच्या खाली. तिचं लग्न झालं, तन्वी झाली, ती लॅबची प्रमुख झाली. दर दिवाळीला कपाट झाडताना कुणीतरी विचारायचं, "ह्याचं काय करायचं?" आणि ती म्हणायची, "राहू दे." माणसांची ही गंमतच आहे. टाकवत नाही आणि उघडवतही नाही. मला मात्र एकाच गोष्टीचा घोर लागला होता. ज्यानं मला घडवलं त्यानं मला कधी ऐकलंच नाही. तो म्हातारा होत चालला होता, आणि मी गोधड्यांखाली.

मग गेल्या वर्षी एक दिवस दत्तात्रय घरी आला. आता रिटायर्ड, केस पांढरे, उत्साह तोच. "ताई, आपली जुनी गाणी कुणीतरी इंटरनेटवर टाकली ना. पोरं वेडी झाली आहेत. उदयला परत अल्बम करायचाय. त्यानं मलाच पाठवलं, तुझ्यासमोर यायची त्याची हिंमत नाही."

"येऊ दे की," सुजाता म्हणाली. "खाणार नाहीये मी त्याला."

शुक्रवारी त्याच गोदामात भेटायचं ठरलं. उदय आला. काळा शर्ट पोटावर ताणलेला, दाढी पिकलेली. तन्वी लॅपटॉप आणि माइक मांडत होती. सुजातानं केसची चेन उघडली आणि उदय माझ्याकडे बघत बसला.

"सुजाता, गाण्याचा काही दोष नव्हता," तो म्हणाला. "तुझी बेस जोरात आली की माझा आवाज पातळ वाटायचा. घाबरलो होतो मी."

"तेव्हाच सांगितलं असतंस तर हळू वाजवलं असतं रे." सुजातानं मला केसमधून बाहेर काढलं. "नाही, नसतंच वाजवलं. पण एवढी चिडले नसते."

दत्तात्रय आधी हसला, मग सगळेच. सुजातानं एकच अट घातली. अल्बमची सुरुवात माझ्यापासून होईल, पहिली वीस सेकंदं मी एकटी, आणि तोवर बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. उदयनं मान डोलावली. चार शुक्रवार रेकॉर्डिंग चाललं. सुजाताची बोटं सुजायची, ती कोमट पाण्यात बुडवून परत वाजवायची. नव्या तारा चढवल्या होत्या, त्यामुळे मी तर नुसती सुटले होते.

महिन्याभरानं पक्का झालेला अल्बम पुण्याहून उदयनं मोबाइलवर पाठवला. सुजातानं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पहिलं गाणं लावलं. वीस सेकंद काहीच नाही. मग थेट उदयचा आवाज. मी गायब!

तिनं तडक फोन लावला. "उदय, पुन्हा?"

"आईशप्पथ, ह्या वेळी मी नाही," तो काकुळतीला आला.

तन्वीनं कपाळावर हात मारला. "आई, मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमध्ये बेस येतच नाही. मोठ्यावर लाव."

तर मंडळी, हात जोडून सांगते, मला मोबाइलवर ऐकू नका. घराघरांत भांडणं लागतील.

"मोठा स्पीकर कुठं मिळेल?" सुजातानं विचारलं. दत्तात्रयला विचारलं तर कळलं, सुरंगीत काळूच्या नातीची हळद आहे आणि अंगणात डीजेच्या स्पीकरची माणूसभर उंच खोकी लागली आहेत. दुसऱ्या दिवशी उदय पुण्याहून आला आणि सगळे मला घेऊन दुपारी सुरंगीला पोचले. डीजेवाल्या सुकदेवनं गाण्याचं नाव ऐकलं आणि बिचकला. "मॅडम, हळदीत स्मशानाचं गाणं?"

"लाव रे, पहिली वीस सेकंदं तरी लाव," उदयच म्हणाला.

आणि मी वाजले. एकटी. अंगणातला पत्रा थरारला, टेबलावरचे स्टीलचे पेले सरकायला लागले. हळद लावणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. घरातून काळू काठी टेकत बाहेर आला. आता त्याला ऐकू कमी येतं. त्यानं खोक्यावर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला. उदयचा आवाज सुरू झाला तरी त्यानं हात काढला नाही. मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "ही माझी. मी बनवली."

मला सांगता येत नाही काय वाटलं ते. गाण्याचा ठेका संथ, पण लोकांनी फेर धरलाच, आणि सुजाता पन्नाशी विसरून त्यात शिरली. सुकदेवनं ते गाणं तीनदा लावलं.

जाताना काळूनं मला हातात घेऊन डोळ्यासमोर धरलं. "बेन, मान वाकलीय हिची. आठ दिवस राहू द्या, सरळ करतो." म्हणून मी सध्या त्याच्या पडवीत आहे, अर्धवट चौकटींच्या शेजारी, मानेला शिकंजा लावून. मजेत आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो आधी मला दाखवतो, मग चौकट. ही वाजते कशी, असं कुणी विचारलं की तोंडानं पहिल्या गाण्याची वीसच्या वीस सेकंदं वाजवून दाखवतो, आणि एकदाही चुकत नाही.