रजेतली दुरुस्ती

वळणावर गाडी कलली, मागची चाकं घसरली आणि तेवढ्यात सगळं जागच्या जागी थिजलं. धूळ हवेत तशीच, गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी दरीवर. स्पीकरमधून इंजिनाचा एकच सूर भुंग्यासारखा घुमत राहिला. त्याने माउस हलवला, दोन-चार बटणं दाबून पाहिली. पडदा ढिम्म.

चहाचे कप घेऊन दाराशी आलेल्या बायकोचा चेहरा उतरला.

“पुन्हा?”

“पुन्हा,” तो म्हणाला आणि खुर्चीतून उतरून थेट टेबलाखाली शिरला. “टॉर्च आण बरं. आणि चहा खालीच दे.”

तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. वर्षातला बराचसा काळ इंजिनरूमच्या धगीत जायचा. मग रजा, मग पुन्हा बोलावणं. जहाजावर एका सोबत्याकडे गेम खेळायचा कॉम्प्युटर होता आणि मोकळ्या वेळात सगळे त्यावर आळीपाळीने गाड्या पळवत. मागच्या फेरीत फोनवर तो सहज म्हणून गेला होता, “असं मशीन घरी असतं ना, तर मी घर सोडून हललोच नसतो बघ.” बोलणारा बोलून गेला. ऐकणारीने ते गाठीशी बांधून ठेवलं.

ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे. त्यांवर ती दात बसवायची, घासायची, चकाकी आणायची. हाताला बारीक कामाची सवय, म्हणून तयार मशीन न आणता तिने सुटे भाग मागवले आणि स्वतःच जुळवायला घेतले. व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, मागे न्यायचा, तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून पुन्हा बघायचा. मदतीला नणंद होती. मदत म्हणजे स्क्रूची वाटी धरणं आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवणं.

“वहिनी, दादाला बांधून ठेवायचं तर दोरी पुरली असती की. या डब्यात ही एवढी रंगीत दिव्यांची आरास कशाला?”

“तू वाटी सरळ धर.”

पहिल्यांदा पंखे फिरले, पडदा उजळला, तेव्हा दोघींनी एकमेकींना टाळी दिली होती. तो घरी आला, बॅग खांद्यावर तशीच ठेवून मशीनभोवती फिरला. “हे तू केलंस? तू?” त्या दिवसापुरतं तिला आभाळ ठेंगणं झालं. आणि दुसऱ्याच संध्याकाळी मशीन थिजायला लागलं. हात दाखवून अवलक्षण, असं तिला वाटलं.

पण त्याने बाह्या सरसावल्या. 

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” तो म्हणाला. “दोन बदलल्या की खोड कुणाची ते कळत नाही.”

आधी त्याला उष्णतेचा संशय आला. त्याने पाठीमागे तळहात धरून गरम हवा जोखली, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. उष्णता बेताची होती. मग ग्राफिक्स कार्डचं सॉफ्टवेअर काढून नव्याने घातलं. मग विजेची वायर बदलली. प्रत्येक बदलानंतर खेळ सुरू करायचा आणि दोघांनी जमिनीवर बसून वाट बघायची. गाडी आपली एकाच जागी उभी, इंजिन चालू, आणि ही दोघं भिंतीला पाठ टेकून.

त्या वाट बघण्यात तो बोलायचा. एरवी रजेत घरी आल्यावर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. ‘तेच ते’ एवढंच उत्तर मिळायचं. आता टॉर्च मांडीवर ठेवून तो सांगत होता, की भर समुद्रात इंजिन बंद पडलं की झोपलेली माणसं ताडकन उठतात. आवाज थांबला म्हणून जाग येते.

“मग?”

“मग सगळे एकमेकांकडे बघतात. आणि मग माझ्याकडे.”

सांगताना त्याचे डोळे लकाकले. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला असं उजेडात आपण पाहिलंच नव्हतं, असं तिला वाटलं. तिने त्याच्या खांद्याला खांदा टेकवला. मशीन पुन्हा थिजलं तरी कितीतरी वेळ दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शेवटी तो मेमरीच्या पट्ट्यांपर्यंत पोचला. दोन पातळ पट्ट्या, शेजारी शेजारी खाचेत उभ्या. टॉर्च तिरपा धरून त्याने एकीवर बोट ठेवलं.

“इकडे बघ. हे टोक बसलंय. ते दुसरं किंचित वर आहे. मशीन तापलं की याचा संपर्क सुटत असणार.”

“मी हळूच बसवली होती,” ती म्हणाली. “मोडेल म्हणून.”

“कवळी थोडीच आहे! इथे दाबावंच लागतं. कट् असा आवाज येईपर्यंत.”

त्याने अंगठा दाबला. आवाज आला.

त्यानंतर मशीन एकदाही थिजलं नाही. तो दोन संध्याकाळी मन लावून खेळला. तिसऱ्या संध्याकाळी अर्ध्यातच उठला आणि नळाचं वायसर बदललं. मग दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. पंखा उतरवून पुसला, पुन्हा चढवला. नणंद भेटायला आली तर तिची स्कूटर उघडून बसला.

“दादा, ती चांगली चालते रे!”

“चालते, पण आवाज ऐकलास का तिचा?”

घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, तसा तो गॅलरीत उभा राहायला लागला. रस्त्यावरून एखादा ट्रक धडधडत गेला की मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत कानोसा घ्यायचा. ती जवळ जाऊन उभी राहायची. तो तिच्यासाठी जागा करायचा, बाजूला सरकायचा, हसायचा. बोलणं मात्र पुन्हा ‘तेच ते’वर आलं होतं.

एका दुपारी त्याचा फोन वाजला. गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन तो बोलला. आत आला तेव्हा तिने विचारलं, “कुणाचा?”

“असाच. जहाजावरच्या एकाचा,” तो म्हणाला आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला. सकाळी त्याची एकदा आंघोळ झाली होती.

पाण्याचा आवाज सुरू झाला. ती मशीनपाशी गेली, स्विच बंद केला आणि बाजूची काच उतरवून भिंतीला टेकवली. मेमरीच्या पट्टीच्या टोकाशी असलेली बारीक कळ तिने नखाने मागे ढकलली. टोक अलगद वर आलं, केसभरच. एवढं पुरे होतं. संध्याकाळी गाडी वळणावर थिजली असती, तो टेबलाखाली शिरला असता, तिच्याकडे टॉर्च मागितला असता. निदान थोडे दिवस.

ती उकिडवी बसून त्या वर आलेल्या टोकाकडे बघत राहिली. न्हाणीघरात पाणी पडतच होतं. तो आत काही करत नसावा. नुसता उभा असावा.

मग तिने अंगठा ठेवला आणि सगळा जोर लावून दाबलं. काच पुन्हा चढवली, स्क्रू घट्ट केले, ओढणीने काचेवरचे बोटांचे ठसे पुसले.

तो डोकं पुसत बाहेर आला तेव्हा मशीनचे पंखे फिरत होते आणि ती खुर्चीत बसली होती.

“कधी बोलावलंय?” तिने विचारलं.

टॉवेल त्याच्या हातातच राहिला. “पुढच्या आठवड्यात. मी... अजून हो म्हटलेलं नाही.”

“मग म्हण.”

“रजा उरलीय माझी. तू एवढं हे सगळं...”

“म्हण रे,” ती म्हणाली. तिने खुर्ची थोडी बाजूला सरकवली. “आणि ते स्टूल घेऊन इकडे ये. मला शिकव.”

“काय?”

“गाडी चालवायला. तू गेल्यावर हे काय धूळ खात पडायचंय?”

तो स्टूल घेऊन आला. कुठलं बटण वेगाचं, कुठलं ब्रेकचं, ते त्याने दाखवलं. तिने गाडी सुरू केली. पहिल्याच वळणाला गाडी रस्ता सोडून कुंपण मोडत माळावर शिरली आणि गवतातून उड्या मारत निघाली.

“अगं, डावीकडे! दे, मी आणतो रस्त्यावर,” म्हणत त्याने हात पुढे केला.

तिने त्याचा हात कोपराने हलकेच बाजूला सारला. नजर पडद्यावरच होती.

“राहू दे,” ती म्हणाली. “बघू तरी कुठवर जाते.”